लकव्यानंतर मेंदूला चुंबकीय उत्तेजना : हाताची हालचाल परत आणण्यात तिचा किती उपयोग?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला किंवा तिथली रक्तवाहिनी फुटली, तर शरीराची एक बाजू अचानक लुळी पडू शकते. वैद्यकीय मराठीत याला पक्षाघात म्हणतात. भंडारा जिल्ह्यात आणि एकूणच विदर्भात लोक ‘लकवा मारला’ असे म्हणतात. लकव्यातून जीव वाचल्यानंतर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, हात आणि पाय पुन्हा चालतील का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गेल्या काही वर्षांत एका उपचाराचे नाव वारंवार कानावर येऊ लागले आहे : डोक्यावर चुंबकीय यंत्र धरून मेंदूला दिली जाणारी उत्तेजना. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या तंत्राला ‘टीएमएस’ म्हणतात. ठोके ठरावीक वेगाने पुन्हापुन्हा दिले, की त्याला ‘आरटीएमएस’ म्हणतात.

थोडक्यात

• हा उपचार शस्त्रक्रियेविना होतो. त्यासाठी भूल द्यावी लागत नाही.
• लकव्याने मेलेल्या मेंदूपेशी त्याने पुन्हा जिवंत होत नाहीत. उरलेल्या पेशींनी नवे काम लवकर शिकावे, यासाठी तो मदत करू शकतो.
• व्यायामाशिवाय नुसता चुंबक घेऊन हात चालू लागत नाही.
• काही अभ्यासांत हाताच्या हालचालीत फायदा दिसला, काही मोठ्या अभ्यासांत दिसला नाही.
• लकव्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे असतात. या यंत्राची वाट पाहत ते वाया घालवू नयेत.

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न कुठे अडतो

२०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख आहे आणि दर पाच माणसांपैकी चार खेड्यात राहतात. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे जिल्ह्याचे सात तालुके. धानाची शेती हा बहुतेकांचा आधार. रोवणी असो की कापणी, काम हातापायांच्या बळावर चालते. घरातल्या कर्त्या माणसाचा उजवा हात गेला, की त्या वर्षीचे सगळे गणित बिघडते.

पूर्व विदर्भात लकव्याचे ओझे किती आहे, याचा अंदाज शेजारच्या भागातल्या एका अभ्यासावरून येतो. वैनगंगा भंडाऱ्यातून पुढे ज्या गडचिरोली जिल्ह्याकडे जाते, तिथे ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवून त्यांची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लकवा हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. शंभरातले १४ मृत्यू, म्हणजे साधारण दर सातवा मृत्यू, लकव्याने झाला होता आणि त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. लकवा हा शहरी, श्रीमंत माणसांचा आजार आहे, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली.

जे वाचतात, त्यांच्यासाठी पुढची वाट लांब असते. चुंबकीय उत्तेजनेची यंत्रे मोठ्या शहरांत असतात आणि तिथेही ती मुख्यतः मानसोपचारासाठी वापरली जातात. भंडाऱ्याच्या माणसाला त्यासाठी नागपूर गाठावे लागते. एका खेपेचे साठेक किलोमीटर धरले, तर वीस दिवसांच्या उपचाराला जाऊन-येऊन २,४०० किलोमीटर होतात. लाखांदूरकडून नागपूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या रुग्णाचा प्रवास ४,००० किलोमीटरच्या वर जातो. सोबत येणाऱ्या माणसाची रोजी बुडते ती वेगळीच. म्हणून हा उपचार घ्यावा का, हे ठरवण्याआधी तो नेमका काय करतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

हात लुळा का पडतो आणि परत कसा येतो

मेंदूचे दोन अर्धे भाग असतात. डावा अर्धा शरीराच्या उजव्या बाजूला हलवतो, उजवा अर्धा डाव्या बाजूला. प्रत्येक अर्ध्यात वरच्या बाजूला, साधारण कानाच्या वरच्या रेषेत, हालचालींचे केंद्र असते. तिथून निघालेले संदेश मज्जारज्जूतून स्नायूंपर्यंत जातात. लकव्यात हे केंद्र किंवा तिथून खाली येणारी वाट खराब होते. हाताचे स्नायू शाबूत असतात, पण त्यांना हुकूम पोहोचत नाही.

मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. तरीही लकव्यानंतर बहुतेकांची हालचाल काही ना काही सुधारते. सुरुवातीची सूज उतरते आणि तात्पुरत्या बंद पडलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. शेजारच्या पेशी नवे जोड तयार करून गेलेल्या पेशींचे काही काम उचलतात. मेंदूच्या या क्षमतेला लवचिकता म्हणता येईल. ती पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते, पुढे मंदावते, मात्र कायमची संपत नाही. सहा महिन्यांनंतरही सरावाने फायदा होतो, तो हळू होतो इतकेच.

ही नैसर्गिक सुधारणा लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे. लकव्यानंतर दुसऱ्या महिन्यात एखादे तेल लावले, गंडा बांधला किंवा महागडे यंत्र वापरले आणि हात थोडा उचलला, तर श्रेय त्या उपायाला मिळते. प्रत्यक्षात हात तसाही उचलला गेला असता. एखादा उपचार खरा की नाही, हे ठरवायला म्हणूनच तो घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांची तुलना करावी लागते.

चुंबकाचा परिणाम कवटीच्या आत कसा पोहोचतो

सायकलच्या चाकाला लागून फिरणारा डायनमो अनेकांनी पाहिला आहे. त्यात चुंबक फिरतो आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हा नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधला. चुंबकीय उत्तेजना याच नियमावर चालते.

प्लास्टिकच्या आवरणातले तांब्याच्या तारेचे वेटोळे डोक्यावर धरले जाते. ते बहुधा इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे असते. त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ अतिशय जोराचा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे क्षणभर एमआरआय यंत्राच्या तोडीचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. हाड चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. ते कवटीतून आत जाते आणि खालच्या दोन-तीन सेंटिमीटर भागात सौम्य वीज निर्माण करते. या विजेने मेंदूपेशी चेतवल्या जातात. हालचालीच्या केंद्रावर ठोका दिला, की रुग्णाने काही न करता त्याचा अंगठा किंवा बोट झटक्याने हलते.

इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे यंत्र यशस्वीपणे वापरून दाखवले. त्यापूर्वी कवटीवरून थेट वीज देऊन मेंदू चेतवता येत असे, पण ते फार दुखत असे. अमेरिकेत २००८ मध्ये या तंत्राला नैराश्याच्या उपचारासाठी परवानगी मिळाली. त्यानंतर त्याचा प्रसार वाढला.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, हे ‘शॉक’ देणे नव्हे. रुग्ण पूर्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो आणि उपचार संपल्यावर चालत किंवा चाकाच्या खुर्चीतून घरी जातो. दुसरा, बाजारात मिळणारी चुंबकाची कडी, पट्टे, गाद्या यांचा या तंत्राशी संबंध नाही. स्थिर चुंबकाने मेंदूत वीज तयार होत नाही, त्यासाठी चुंबकीय क्षेत्र फार वेगाने बदलावे लागते. चुंबकाची कडी घातल्याने लकवा बरा होत नाही.

लकव्यात तो कसा वापरतात

मेंदूचे दोन अर्धे भाग एकमेकांना आवरत असतात. बैलजोडीचे उदाहरण घेता येईल. एक बैल लंगडला, की दुसरा जास्त जोर लावतो, जू त्याच्या बाजूने ओढले जाते आणि लंगडा बैल आणखी मागे पडतो. लकव्यानंतर मेंदूतही असेच काहीसे होते, असे अनेक संशोधक मानतात. चांगला अर्धा जास्त जोर करतो आणि आजारी अर्ध्याला दाबून टाकतो.

यावरून उपचाराच्या दोन दिशा निघाल्या. सेकंदाला एक अशा संथ गतीने ठोके दिले, तर त्या जागेची चेतना सहसा काही काळ कमी होते. म्हणून संथ ठोके चांगल्या अर्ध्यावर देऊन त्याचा जोर आवरतात. सेकंदाला पाच किंवा अधिक अशा वेगवान ठोक्यांनी चेतना वाढते. म्हणून ते आजारी अर्ध्यावर देऊन त्याला जागे करतात. तिसऱ्या एका पद्धतीत ठोके छोट्या झुबक्यांनी दिले जातात आणि काही मिनिटांत उपचार आटोपतो.

संथ पद्धतीत एका बैठकीत साधारण ९०० ते १,२०० ठोके देतात. त्याला १५ ते २० मिनिटे लागतात. अशा बैठका आठवड्यातून पाच दिवस, दोन ते चार आठवडे चालतात. सुरुवातीला रुग्णाचे बोट हलण्यासाठी किमान किती जोर लागतो, ते मोजतात आणि त्यावरून त्याच्यापुरती ताकद ठरवतात. हे मोजमाप न करता सगळ्यांना एकाच ताकदीचा उपचार देणे योग्य नाही.

ठोक्यांचा परिणाम काही मिनिटे ते तासभर टिकतो. तेवढ्या वेळात मेंदू नवे शिकायला थोडा अधिक तयार असतो. म्हणून उपचारानंतर लगेच हाताचा व्यायाम करून घेतात. शेतात वाफसा आल्यावर पेरणी करायची असते. वाफसा आला आणि पेरलेच नाही, तर काही उगवत नाही. चुंबक आणि व्यायाम यांचे नाते असेच आहे.

बैलजोडीचे हे चित्र सगळ्या रुग्णांना लागू पडत नाही. ज्यांच्या मेंदूचा मोठा भाग गेला आहे, त्यांच्यात चांगला अर्धाच लुळ्या बाजूची थोडीफार हालचाल सांभाळत असू शकतो. त्याला आवरले, तर फायद्याऐवजी तोटा होण्याची शक्यता असते. कोणत्या बाजूला कसले ठोके द्यायचे, हे म्हणूनच तज्ज्ञाने रुग्ण तपासून ठरवायचे असते.

पुरावा काय सांगतो

या विषयावर अनेक अभ्यास झाले, पण त्यातले बरेचसे लहान होते. काहींत वीस-तीसच रुग्ण होते. २०१३ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९ अभ्यासांतल्या ५८८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. लकव्याच्या नेहमीच्या उपचारात हे तंत्र सरसकट वापरावे, इतका पुरावा नाही, असा निष्कर्ष तेव्हा निघाला.

२०१८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात लकव्याला ३ ते १२ महिने झालेले १९९ रुग्ण होते. काहींना खरे ठोके दिले, काहींना खोट्या वेटोळ्याचा फक्त आवाज ऐकवला. दोन्ही गटांना हाताचा व्यायाम सारखाच दिला. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा खऱ्या गटातल्या ६७ टक्के रुग्णांचा हात ठरवलेल्या मापापेक्षा सुधारला होता. खोट्या गटातल्या ६५ टक्के रुग्णांचाही सुधारला होता. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

या निकालाकडे दोन बाजूंनी पाहता येते. चुंबकाने विशेष काही साधले नाही, ही एक बाजू. दुसरी बाजू रुग्णांना धीर देणारी आहे. लकव्याला अनेक महिने झाल्यानंतरही नेमाने हाताचा व्यायाम केलेल्या दर तीन रुग्णांपैकी जवळपास दोघांचा हात सुधारला, मग चुंबक खरा असो वा खोटा.

भारतातही याची चाचणी झाली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये सुमारे शंभर रुग्णांवर संथ ठोक्यांच्या दहा बैठकांचा अभ्यास झाला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निकालात नेहमीच्या व्यायामाच्या तुलनेत मर्यादितच फायदा दिसला.

याच वर्षी युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने मात्र वेगळे मत दिले. लकव्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत व महिन्यांत चांगल्या अर्ध्यावर संथ ठोके दिल्यास हाताच्या पंजाची हालचाल सुधारते, यासाठी त्यांनी पुराव्याला सर्वांत वरची श्रेणी दिली. मतभेदाचे एक कारण वेळेत असू शकते. लवकर दिलेला उपचार आणि वर्षभराने दिलेला उपचार एकसारखा नसतो. पायाची हालचाल आणि चालणे यांबाबतचा पुरावा हातापेक्षाही कमी आहे. हाताचे केंद्र मेंदूच्या बाहेरच्या बाजूस असते, पायाचे दोन अर्ध्यांच्या मधल्या खाचेत, खोल असते. तिथे ठोका पोहोचवणे अवघड जाते.

उपचाराआधी अंदाज घेण्यासाठी उपयोग

हे यंत्र तपासणीसाठीही कामी येते. ठोका दिल्यावर लुळ्या हाताच्या स्नायूत थोडी जरी हालचाल नोंदली गेली, तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट पूर्ण तुटलेली नाही, असे कळते. अशा रुग्णाचा हात सुधारण्याची आशा जास्त असते. न्यूझीलंडमधील संशोधकांनी यावर आधारलेली पद्धत तयार केली आहे. तिच्यात लकव्यानंतर तीन दिवसांच्या आत रुग्णाला खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटे सरळ करता येतात का, हे आधी पाहतात. या दोन हालचाली बऱ्यापैकी असतील, तर यंत्राची गरजच पडत नाही. खांदा आणि बोटांची ही साधी तपासणी तालुक्याच्या रुग्णालयातही यंत्राशिवाय करता येते.

कोणाला देऊ नये

डोक्यात धातूची क्लिप असेल, कानात बसवलेले श्रवणयंत्र म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर हा उपचार देत नाहीत. हृदयाचा पेसमेकर असेल, पूर्वी फिट म्हणजे मिरगी आली असेल, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. चालू असलेली सर्व औषधे दाखवावीत, कारण काही औषधांमुळे फिट येण्याची शक्यता वाढते.

सर्वसाधारण त्रास सौम्य असतात. डोके दुखते, ठोक्याच्या जागी टोचल्यासारखे वाटते. यंत्राचा ‘टक टक’ आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे घालतात. फिट येणे हा गंभीर धोका आहे. तो अतिशय विरळ आहे, पण लकव्याने मेंदूला इजा झालेल्यांनी तो गृहीत धरावा. हा उपचार फिट सांभाळण्याची सोय असलेल्या ठिकाणीच घ्यावा.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

• या रुग्णाला हा उपचार का सुचवला आणि मेंदूच्या कोणत्या बाजूला देणार?
• ठोक्यांनंतर लगेच हाताचा व्यायाम करून घेणार का, किती वेळ आणि कोण?
• सुरुवातीला हाताची हालचाल मोजून लिहून ठेवणार का? मध्ये पुन्हा कधी मोजणार?
• एकूण बैठका किती आणि एकूण खर्च किती? तो लेखी मिळेल का?
• दहा बैठकांनंतर मोजमापात काहीच फरक नसेल, तर पुढे काय?
• शासकीय आरोग्य योजनेतून यातले काही मिळते का? (योजनेच्या रुग्णालयात हे आरोग्यमित्राला विचारता येते.)

‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्या ठिकाणापासून दूर राहावे. जगातला कोणताही अभ्यास अशी हमी देत नाही. धान विकून किंवा शेती गहाण ठेवून हा उपचार घ्यावा, इतका भक्कम पुरावा त्याच्यामागे नाही. प्रवास, राहणे आणि बैठकांचा खर्च परवडत असेल, लकव्याला फार दिवस झाले नसतील आणि सोबत चांगला व्यायाम मिळणार असेल, तर जोड म्हणून विचार करायला हरकत नाही.

यंत्राशिवाय काय करता येते

हाताच्या सुधारणेसाठी सर्वांत महत्त्वाचा असतो नेमका, वारंवार केलेला सराव. फक्त हात हलवण्यापेक्षा कामाचा सराव अधिक उपयोगी पडतो : लोटा उचलून तोंडाजवळ नेणे, ताटलीतले तुरीचे दाणे एकेक करून वाटीत टाकणे, बटण लावणे, दोरीवर टॉवेल टाकणे. जे जमते त्याच्या थोडे पुढचे काम रोज द्यावे.

चांगला हात बांधून ठेवून लुळ्या हाताला काम करायला लावणे, ही एक तपासलेली पद्धत आहे. अमेरिकेत २२२ रुग्णांवर तिचा अभ्यास झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षभर टिकलेला दिसला. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येत असतील, तरच ती वापरतात. बोटे अजिबात हलत नसतील, तर आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवण्याचा सराव करून घेतात.

मात्र सगळा भार घरच्यांवर टाकून चालत नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात घरच्या एका माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवले. २०१७ मध्ये निकाल आला, तेव्हा सहा महिन्यांनंतर या रुग्णांत आणि इतर रुग्णांत फरक नव्हता. म्हणून फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेला सराव घरी रोज करावा आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा दाखवून तो बदलून घ्यावा. लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवू नये, खांदा निसटतो. मालिशने बरे वाटते, पण तिने सरावाची जागा भरून निघत नाही.

दुसरा झटका टाळणे तितकेच महत्त्वाचे आहे. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये. विडी, तंबाखू आणि खर्रा सोडावा.

पहिले साडेचार तास

तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, अचानक तोल गेला किंवा दिसेनासे झाले, तर तो लकवा समजावा. गुठळीने आलेल्या लकव्यात ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही, याची खात्री करतात. म्हणून १०८ ला फोन करावा, लकव्याची शंका स्पष्ट सांगावी, सीटी स्कॅन होणाऱ्या ठिकाणी न्यायला सांगावे आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवावी. रुग्णाला पाणी, चहा किंवा गावठी औषध पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. या तासांत जेवढा मेंदू वाचेल, तेवढे पुढच्या महिन्यांतले काम हलके होईल.